पाऊण फेरा

दिवाळीनंतरची खरी थंडी पडली की आमच्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज यायला लागतात. आधी एक दबका ‘फट्’, आणि लगेच निशाणाच्या कागदामागच्या पत्र्यावर ‘टिक्’. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा जवळ आलेल्या असतात, नववीच्या मुली एअर रायफलचा सराव करत असतात. मी अकोल्यातल्या या शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा वर्ग त्या शेडला लागून आहे. आठ वर्षं झाली, या दिवसांत मी तेवढी एक खिडकी लावून घेते. “मॅडम, ऊन येऊ द्या ना,” मुलं म्हणतात. मी सांगते, आवाजात शिकवता येत नाही. ते खरं नसतं. हातगाडीवाल्यांच्या भोंग्यात आणि बँडबाजात मी प्रकाशाचं परावर्तन शिकवलेलं आहे.

‘फट्’च्या आधी आणखी एक आवाज असतो. तो बाहेर कुणाला येत नाही. रायफल धरणाऱ्याच्या बोटालाच तो कळतो. ट्रिगर थोडा मागे येतो, एका जागी अडतो, आणि मग आत काहीतरी काडीसारखं मोडतं. तेवढंच. खिडकी लावली तरी मला ते मोडणं बोटात जाणवायचं आणि मग खडू नीट धरता यायचा नाही.

यंदा मी खिडकी उघडी ठेवली आहे. धीर आला म्हणून नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात विद्यापीठाच्या नेमबाजी संघातली माझी जागा गेली. ती माझ्या हातानं गेली, किंवा माझी रायफल दुरुस्त करणाऱ्या हबीब चाचांच्या हातानं, असं मी आणि चाचा दोघंही इतकी वर्षं समजत होतो. गेल्या महिन्यात कळलं की ती आमच्या दोघांच्याही हातानं गेली नव्हती.

*

गेल्या महिन्यात अमरावतीला आमच्या सरांचा निरोप समारंभ होता. राजापेठेत, क्लासेसच्या पाट्यांनी झाकलेल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह. खाली स्कूटींची इतकी गर्दी की आत शिरायला वाट नव्हती. मी शाल आणि श्रीफळ घेऊन सकाळच्या बसनं गेले होते. सर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि नेमबाजीचा संघ तयार करायचे. माझ्यासाठी ते याहून पुष्कळ होते. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरात, पदवी म्हणजे नेमकं काय हे कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षानंतर वडील मला परत न्यायला आले, तेव्हा सर त्यांच्यासोबत गावी आले, आमच्या ओसरीवरच्या बाजेवर बसून पिठलं-भाकर जेवले आणि म्हणाले, “भाऊ, पोरीले अजून दोन वर्षं मले द्या.” वडिलांनी दिली. वसतिगृहाचा फॉर्म सरांनी भरला. माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही त्यांनीच ठरवलं, आजही सगळ्या कागदांवर तेच आहे.

तर अशा सरांनी माईक हातात घेतला.

“आता एक गोष्ट सांगूनच टाकतो,” ते म्हणाले. “नोकरी संपली, आता कोण काय करते माझं?” लोक हसले. “आमच्या दोन पोरी होत्या. एक रोशनी, शेवटच्या वर्षाले. बाप नाही, माय शाळेत खिचडी शिजवते. दुसरी ही शीतल, ती पाहा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. हुशार पोरगी, दुसऱ्या वर्षाले. विद्यापीठाच्या संघात जागा उरली एक. अन् शीतलचे गुण रोशनीपेक्षा नेहमी दोन-तीन जास्तच. आता काय करावं? निवड चाचणीच्या सकाळी सगळ्यांच्या पेच फिरवायच्या चाव्या माझ्याच बॅगेत. काढली शीतलची रायफल, केला ट्रिगरचा पेच पाऊण फेरा सैल, आणि वरून नेलपॉलिशचा ठिपकाही देऊन टाकला. बायकोले कधी नेलपॉलिश लावून दिली नाही, पण रायफलीले लावली!”

सभागृह खूप हसलं. सरांच्या पत्नीही हसल्या.

“तपासणीत हिची रायफल बाद. रोशनी संघात. संघ तिसरा आला, सर्टिफिकेट मिळालं, खेळाडूंच्या राखीव जागेतून रोशनी वनखात्यात लागली. आणि शीतल मॅडम झाली. सांगा, पाऊण फेऱ्यात दोन घरं मार्गी लागली का नाही?”

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि माझ्या मांडीवर थोपटलं. मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप उठले होते.

*

पाऊण फेरा म्हणजे किती, हे सांगायला हवं.

कॉलेजच्या रायफली स्प्रिंगच्या होत्या. नळी मधून खाली वाकवून स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा, दहा मीटरवरच्या कागदावर मारायचा. कारखान्यातून आलेला त्यांचा ट्रिगर जड आणि खरखरीत असायचा. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा तो येत राहायचा आणि कधी सुटेल याचा नेम नसायचा. तोवर नळी हललेली असायची. म्हणून ज्यांना जमेल ते बाहेरून मिळणारा वेगळा ट्रिगर आणून बसवून घेत. मुठीएवढी लोखंडी पेटी, तिच्यात दोन टप्पे. पहिला टप्पा मऊ, नुसता ढिलेपणा. मग बोट एका ठिकाणी येऊन थांबतं. आम्ही त्याला भिंत म्हणायचो. भिंतीशी थांबायचं, श्वास सोडायचा, आणि भिंतीवर आणखी एवढंसं. मोडली.

माझा ट्रिगर सरांनीच पुण्याहून आणून दिला होता. “तुझं बोट चांगलं आहे, त्याले चांगलं ट्रिगर पाहिजे,” असं म्हणून खिशातून काढून टेबलावर ठेवला. पेढे ठेवावेत तसा. मी तो ट्रिगर रुमालात बांधून उशाशी घेऊन झोपले होते.

तो बसवायला अमरावतीत कुणी नव्हतं. अकोल्याला हबीब चाचा होते.

चाचा मुळात शिलाई मशीनचे मिस्त्री. जुन्या कापड बाजारामागच्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान. समोर पायमशीनांचे सांगाडे, आत भिंतीला लटकवलेल्या पट्ट्या, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा गोडसर वास. कुणा शिकारी शौकिनानं कधी काळी बंदूक दुरुस्तीला आणली आणि तिथून विदर्भातल्या नेमबाजांच्या एअर रायफली त्यांच्याकडे यायला लागल्या. मी रविवारी पहिल्या गाडीनं रायफलीची पेटी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी पेटीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

“कोनाची आहे?”

“माझीच.”

“मंग तूच बसव. मी सांगतो.”

“मला नाही येत चाचा.”

“मले तरी कुठं येत होतं? मशीनवाला आहो मी.”

असं करून त्यांनी मला शिकवलं. लाकडी दस्ता वेगळा करायचा. दोन पिना ठोकून काढायच्या, पण पिना ज्या बाजूनं आत गेल्या त्याच बाजूनं बाहेर काढायच्या. जुना ट्रिगर काढून नवी पेटी बसवायची, काडीच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस. मग तीन पेच. पहिल्यानं ढिलेपणा किती ते ठरतं, दुसऱ्यानं भिंत कुठे ते, आणि तिसऱ्यानं भिंत किती जड ते. ही तिसरीच गोष्ट वजनाची. आमच्या स्पर्धांचा नियम होता की ट्रिगरला अर्धा किलो वजन अडकवून रायफल उभी उचलली तर ती सुटता कामा नये. त्यापेक्षा हलकी असली तर बाद.

वजन मोजायला चाचांकडे यंत्र नव्हतं. तुरीची डाळ होती. रायफल उभी धरायची, ट्रिगरला कापडी पिशवी अडकवायची आणि तिच्यात मुठीनं डाळ टाकत जायची. सुटली की पिशवी समोरच्या किराणा दुकानात नेऊन तोलायची. किराणावाले दर वेळी ओरडायचे. “हबीबभाई, आज डाळ शिजवता का मारता?” चाचा म्हणायचे, “तुह्या डाळीत खडे किती हायेत ते पाहून राहिलो.” परत आल्यावर ते डाळ पुन्हा डब्यात ओतत, आणि संध्याकाळी तीच डाळ घरी जायची.

माझ्या ट्रिगरच्या पेटीत एक अडचण निघाली. तिची वजनाची स्प्रिंग फार ताठ होती. पेच पूर्ण सैल केला तरी ट्रिगर किलोभर डाळ मागायचा. चाचांनी दोन रविवार डोकं खाजवलं. तिसऱ्या रविवारी एका जुन्या शिलाई मशीनच्या धाग्याचा ताण धरणारी स्प्रिंग काढली, तिच्यातून पाच वेढे कापले, टोकं दगडावर घासून सपाट केली आणि आत बसवली. मी बोट लावलं. ढिलेपणा, भिंत, आणि काडी मोडल्यासारखं.

“काय व?” चाचांनी विचारलं. मी पुन्हा बोट लावून पाहिलं. ते खूश झाले. “अशी स्प्रिंग कंपनीच्या बापाकडं नाही,” म्हणाले. “ट्रिगर ओढायचा नाही बेटी. संत्रं पिकलं का पाहाते का नाही बोटानं? तसं.”

सहाशे ग्रॅमवर आम्ही तो थांबवला. शंभर ग्रॅमची मोकळीक चाचांनी मुद्दाम ठेवली. थंडीत ग्रीस घट्ट होतं, दुपारी पातळ होतं, थोडं इकडेतिकडे झालं तरी बाद व्हायला नको. तिन्ही पेचांच्या डोक्यांवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी पेच फिरवला तर ठिपका तडकतो. तो अख्खा असला की समजायचं, आत सगळं आपण ठेवलं तसंच आहे.

*

त्या वर्षी कापूस चांगला फुटला होता. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तर सगळं घर शेतात. मी ओढणी कमरेला बांधली आणि ओळीत शिरले, तर आईनं हटकलं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांच्या शेंड्यांना टोचतात, चार दिवसांत कातडी चिरते. सरांनी सांगितलं होतं, निवड चाचणीपर्यंत बोट जप.

“तू नको येऊ व,” आई म्हणाली. “तुहं बोट सरकारी झालं आता.”

काकू हसून म्हणाली, “त्याले सोन्याच्या डबीत ठेवा मंग.”

“ठेवीन ना, डबी तू दे.”

मी बांधावर बसले, त्यांना पाणी देत. आईची बोटं मला तिथून दिसत होती. काळी, चिरलेली, भरभर चालणारी. तिची दहा बोटं कापूस वेचतात आणि माझं एक बोट घरी बसवलेलं, याची मला लाज वाटत होती. आणि आतून आनंदही होत होता, की या घरात कुणाचं तरी एक बोट जपण्यासारखं निघालं. संध्याकाळी आई माझं ते बोट हातात घेऊन खोबरेल लावायची. स्वतःच्या हातांना तिनं लावलं नाही.

संघात तीन मुली निवडायच्या होत्या. दोघी शहरातल्या, त्यांचं नक्की होतं. तिसऱ्या जागेसाठी मी आणि रोशनी. रोशनी माझ्याच खोलीत राहायची. आम्ही एकमेकींचे गुण कागदावर लिहून भिंतीला लावायचो. तिचे जास्त आले की मी चहा करायची, माझे जास्त आले की ती. त्या हिवाळ्यात चहा बहुतेक वेळा तीच करायची, आणि कप माझ्यासमोर आपटून म्हणायची, “पी, मातले तुहे गुण.”

*

आमच्या संघाची एक रीत होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी पेच फिरवायच्या आपापल्या एलन चाव्या सरांकडे जमा करायच्या. पोरं ऐन वेळी घाबरतात, पेच फिरवत बसतात आणि ट्रिगर बिघडवतात. मी चावी दिली तेव्हा नेलपॉलिशची बाटलीही त्याच पिशवीत टाकली. कुणाला लागली तर असू दे. रायफलींच्या पेट्याही रात्री सरांच्या खोलीत राहायच्या. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. ज्याला वडिलांनी मुलगी दिली, त्याला मुलीनं चावी द्यायला काय विचार करायचा?

निवड चाचणीच्या दिवशी तपासणीच्या टेबलामागे टोपी घातलेले एक वयस्कर पंच होते. त्यांनी माझी रायफल ताणली, छर्रा न घालता उभी धरली आणि वजन अडकवलं. वजन टेबलावरून जेमतेम उठलं आणि टक् झालं.

“बाई, हलका आहे.”

“नाही सर, सहाशेचा आहे.”

“पुन्हा पाहू.”

टक्.

तिसऱ्यांदा त्यांनी फार सावकाश उचललं. त्यांनाही ती सुटू नये असं वाटत होतं, हे मला दिसत होतं. टक्.

मी वाकून पेच पाहिले. तिन्ही ठिपके अख्खे होते. लाल, गोल, न तडकलेले. म्हणजे बाहेरून कुणी काही केलेलं नव्हतं. म्हणजे जे बिघडलं ते आत. मी चावीसाठी सरांकडे धावले, तोवर तपासणीची वेळ संपली होती. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे शीतल. पुढच्या वर्षी.” त्यांचे डोळे ओले होते. ते डोळे मी अकरा वर्षं जपून ठेवले होते, माझ्यासाठी कुणीतरी रडलं होतं म्हणून.

रोशनीनं त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगला नेम मारला. मी तिच्या मागच्या बाकावर बसून तिच्यासाठी छर्रे निवडून देत होते. चपटे बाजूला, गोल तिच्या डबीत.

पुढच्या रविवारी मी रायफल घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ठिपके पाहिले. चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिले. डाळीची पिशवी काढली. साडेचारशेला सुटली.

“सील तर अख्खं आहे,” ते म्हणाले.

“हो चाचा. माझ्याच हातानं बसवताना काही…”

“तुह्या हातानं नाही.” त्यांनी डाळ डब्यात ओतली. “माही स्प्रिंग बसली. मशीनची स्प्रिंग ती, धाग्याचा ताण तिले समजते. बंदुकीचा ताण तिले काहून समजन? बुढा झालो बेटी. मलेच समजलं नाही.”

मी म्हणत राहिले की चूक माझीच असेल, ते म्हणत राहिले त्यांची. आम्ही दोघं तो दोष एकमेकांच्या हातातून ओढून घेत होतो. शेवटी त्यांनी रायफल पेटीत ठेवली, पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “आता बंदुकीचं काम बंद.” मला वाटलं, रागानं म्हणाले. नंतर कळलं, त्या दिवसानंतर त्यांनी एकही रायफल हातात घेतली नाही. नागपूर, यवतमाळहून मुलं यायची आणि ते म्हणायचे, मी शिलाई मशीनवाला आहे.

मीही पुढच्या वर्षी सरावाला गेले नाही. सर दोनदा बोलवायला आले. मी म्हटलं, अभ्यास आहे. खरं म्हणजे मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती. गॅसची शेगडी बंद केली की तीनदा तपासायची, कुलूप लावून परत जाऊन ओढून पाहायची. प्रयोगशाळेत मुलांना दाखवताना काचेची नळी माझ्या हातातून निसटेल असं आजही वाटतं. लग्न होऊन अकोल्याला आले, नोकरीही इथेच लागली. जुन्या कापड बाजाराकडे मात्र मी आठ वर्षांत एकदाही गेले नाही. वीस मिनिटांची वाट. सण आला की कपडे मी दुसरीकडून आणते.

*

समारंभानंतर चहाच्या रांगेत मी सरांपाशी गेले. त्यांच्या गळ्यात हार तसेच होते. झेंडूचा आणि घामाचा वास येत होता. मी काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. जवळ गेले आणि वाकले. आधी पाठ वाकली, मग माझ्या लक्षात आलं की मी पाया पडते आहे.

“सुखी राहा,” सर म्हणाले. “रागावली तर नाहीस ना? अगं, इतक्या वर्षांनी सांगून टाकलं.”

“सर, तेव्हाच विचारलं असतं तर…”

“तर तू हो म्हणाली असतीस. मले माहीत होतं. तुझं मन मोठं आहे.”

“मग विचारायला काय हरकत होती?”

ते खळखळून हसले. “पोरांना काय विचारायचं व! आणि तुले तर अजून एक वर्ष होतं. तूच आली नाहीस. मी दोनदा आलो होतो बोलवाले, आठवते ना?”

आठवतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. मी ती शोधत होते. पश्चात्तापाची एखादी सुरकुती दिसली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. पण ते मला एका चांगल्या कामातला भागीदार समजून पाहत होते. मग कुणीतरी फोटोसाठी बोलावलं आणि त्यांनी मला हाताला धरून शेजारी उभं केलं. तो फोटो आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. मी हसते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीचा फोन आला. ती चिखलदऱ्याला वनरक्षक आहे, ड्यूटीमुळे आली नव्हती. दर हिवाळ्यात ती मला तिकडच्या मळ्यातल्या कॉफीची पुडी पाठवते. पुडीवर जाड पेननं लिहिलेलं असतं, ‘मॅडमसाठी’.

“काय व, कसा झाला कार्यक्रम? सरांनी माझं नाव घेतलं का?”

“घेतलं.”

“काय म्हणाले?”

“मेहनती पोरगी होती म्हणाले.”

“बस? एवढंच?” ती हसली. “मी तर समजली रडतात का काय माझ्या आठवणीनं. बरं, कॉफी पोचली का?”

पोचली होती. ओट्यावर होती. मी फोडली नव्हती. त्या पुडीनं काय केलं होतं? रोशनीनं काय केलं होतं? तिनं तर त्या दिवशी खरोखर चांगला नेम मारला होता, आणि आता मी तिला ते कधीच सांगू शकत नाही की तो नेम कुठल्या रिकाम्या केलेल्या जागेवर बसला. कुणीतरी सांगेलच. त्या सभागृहात दोनशे माणसं हसली होती.

या दिवसांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते. वर्गात, बसमध्ये, भाजी निवडताना. मी अकरा वर्षं मागे जाते आणि सर मला खरंच विचारतात. शीतल, रोशनीचं शेवटचं वर्ष आहे, तिची आई अशी, तुझं तसं, तू मागे होशील का? आणि मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडते. कधी मी हो म्हणते. रोशनीचा आपटलेला कप आठवतो आणि हो म्हणते. कधी आईची चिरलेली बोटं आठवतात आणि मी नाही म्हणते, स्पष्ट, मान वर करून. सरांना वाटतं त्यांना माझं उत्तर माहीत होतं. मला ते माहीत नाही. मी देणारी होते की नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही. जागा गेली, तिची मला फारशी हळहळ उरलेली नाही. नोकरी मिळाली, घर झालं. पण माझ्या हातून एखादी मोठी गोष्ट दिली गेली असती, किंवा मी स्वार्थी निघाले असते, दोन्हींपैकी काहीतरी माझं स्वतःचं झालं असतं. ते त्यांनी एका सकाळी, दार लावून, माझ्या वतीनं उरकून टाकलं. आणि तरीही सकाळी हजेरीपटावर सही करताना मला आठवतं की हे आडनाव कसं लिहायचं ते कुणी ठरवलं. ज्याचे उपकार इतके, त्याच्यावर रागवायला जागा कुठून काढायची? मी ज्या पायरीवर उभी राहून रागावू पाहते, ती पायरीही त्यांनीच बांधलेली आहे.

*

परवा शाळा सुटल्यावर मी जुन्या कापड बाजाराकडे गेले.

गल्ली तशीच होती. किराणा दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. चाचा आत बसलेले, पाठ आणखी वाकलेली, जाड भिंगाचा चष्मा. एका मशीनच्या दोऱ्याचा ताण लावत होते.

“कोन?”

“शीतल. अमरावतीची. रायफलवाली.”

ते क्षणभर पाहत राहिले आणि मग त्यांचा सगळा चेहरा हलला. “अगं माय! बस, बस. एवढे दिवस कुठं होती? मी समजलो अमेरिकेले गेली.”

“अकोल्यातच होते चाचा. आठ वर्षं.”

ते हसायचे थांबले. स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि सगळं सांगितलं, जसं सरांनी माईकवर सांगितलं तसंच. बॅगेतली चावी, तिसरा पेच, वरचा ठिपका. सांगताना मला वाटत होतं, मी यांच्यासाठी काहीतरी घेऊन आले आहे.

त्यांचे हात मशीनवरच होते. “किती फिरवला म्हणते?”

“पाऊण फेरा.”

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरली आणि नसलेली चावी सावकाश फिरवली. अर्धा फेरा, आणि आणखी थोडा.

“सहाशाचे साडेचारशे,” ते म्हणाले. “बराबर येते.” मग डोळे उघडून, “म्हंजे स्प्रिंग बसली नोती.”

“नाही चाचा.”

“पक्कं?”

“त्यांनीच सांगितलं. सगळ्यांसमोर.”

चाचांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले. बाहेरून एक बाई मशीनची पट्टी मागायला आली, तिला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं. मला वाटलं, आता ते हसतील. निदान हलके होतील.

“तू काय म्हणाली त्याले?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी बोलले नाही.

“पाया पडले.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिसऱ्यांदा वजन उचलून पाहिलेल्या माणसाची असते तशी ती नजर होती.

“तुह्यासाठी नोको बोलू बाप्पा, तो तुहा गुरू आहे,” ते म्हणाले. “माह्या स्प्रिंगसाठी तरी बोलाले पायजे होतं, बेटी.”

आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईला पट्टी द्यायला ते उठले.